वाचक विचारतात : ६८ स्लाइड्स, २० मिनिटं आणि समोर बसलेले एक्स्टर्नल

मागच्या वेळी 'रिसर्च प्रेझेंटेशनबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा' असं म्हटलं आणि इनबॉक्स पार भरला. बहुतेक पत्रं पीएचडीवाल्यांची, थोडी कॉलेजमधल्या मुलांची, आणि एक चक्क एका आईचं. सगळी छापायला जागा नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापू नका असं जवळपास सगळ्यांनीच लिहिलंय (गाईड वाचतात म्हणे हे मासिक!), त्यामुळे नावं नाहीत.

मॅडम, पुढच्या महिन्यात माझं प्री-पीएचडी प्रेझेंटेशन आहे. विषय विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे दोन्ही सीझनचे सॅम्पल्स आहेत, डेटा भरपूर आहे. वेळ २० मिनिटं आणि स्लाइड्स ६८ झाल्यात. गाईड म्हणतात एकही काढू नको, कमिटीला वाटेल कामच कमी झालंय. सध्या फास्ट बोलायची प्रॅक्टिस करतोय. अजून काय करू?
— भूगर्भशास्त्राचा स्कॉलर, मराठवाडा

फास्ट बोलायची प्रॅक्टिस आधी बंद कर. २० मिनिटांत ६८ म्हणजे एका स्लाइडला साडेसतरा सेकंद, तेवढ्या वेळात मागच्या खुर्चीवरच्या माणसाला टेबल कशाचंय हेसुद्धा वाचून होत नाही, आणि तू तोपर्यंत पुढच्या टेबलवर.

तुझ्या गाईडची भीती मात्र अगदीच खोटी नाही. काम दिसायला हवंच. पण ते दिसायची जागा थीसिस आहे, तो कमिटीच्या हातात पडणारच आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे थीसिस सबमिट करण्याआधीचं हे प्रेझेंटेशन रिसर्च अ‍ॅडव्हायजरी कमिटीपुढे होतं आणि बाकीच्या प्राध्यापकांना, स्कॉलर्सना ते खुलं असतं. म्हणजे समोर दोन प्रकारची माणसं. कमिटीवाले तुला दर सेमिस्टरला ऐकतायत, त्यांना अर्धं पाठ झालंय. बाकीच्यांपैकी कुणी जीवाश्मांवर काम करतं, कुणी भूकंपांवर, त्यांना तुझा विषय पहिल्यांदा ऐकायचाय. यातल्या कुणालाच लिटरेचर रिव्ह्यूच्या चौदा स्लाइड्स नकोत. मागे कोणी काय केलं यातलं फक्त एवढंच सांग की त्यांच्यानंतर कुठली गोष्ट शिल्लक राहिली होती जी तू हातात घेतलीस, आणि हे एका स्लाइडमध्ये होतं.

आता लॅपटॉप बंद करून कागदावर एक वाक्य लिही, 'माझ्या कामातून असं कळलं की...' आणि पुढे तुझं उत्तर. समजा तुझं असं निघालं असेल की पावसाळ्यानंतर उथळ विहिरींमधलं नायट्रेट वाढतं आणि शेतातल्या विहिरींपेक्षा गोठ्याजवळच्या विहिरींत जास्त वाढतं (मी उदाहरण म्हणून लिहितेय, तुझा डेटा काय सांगतो ते तुला माहीत), तर मग प्रत्येक स्लाइड या वाक्यासमोर धर. जिल्ह्याची लोकसंख्या, तालुक्यांची यादी, नायट्रोजन सायकलचं ते शाळेतलं चित्र, यातलं काय लागतं? काहीच नाही. नकाशा लागतो, पण एकच, ज्यात विहिरी, खडक आणि वस्ती एकत्र दिसतील. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) पिण्याच्या पाण्यासाठीची ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा लागते, पण तिच्यासाठी वेगळी स्लाइड कशाला, प्रत्येक ग्राफवर आडवी रेघ मार, मग कुठली विहीर रेघेच्या वर आहे ते न बोलता कळतं. आणि हो, ४५ हा आकडा नायट्रेट म्हणून मोजल्याचा आहे, लॅबने नायट्रेट-नायट्रोजन म्हणून, म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजून, रिपोर्ट दिला असेल तर तीच मर्यादा साधारण १० वर येते, त्यामुळे अक्षावर काय मोजलंय ते स्पष्ट लिही. केमिस्ट्रीचं कुणी आलं असेल तर पहिलं बोट तिथेच ठेवणार. नकाशावर चांगल्या विहिरी हिरव्या आणि वाईट लाल असं करू नकोस, काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही आणि ते कधी सांगतही नाहीत. निळा-नारिंगी घे, आणि गोल-त्रिकोण असा आकारही वेगळा ठेव, म्हणजे प्रोजेक्टर फिका असला तरी अडत नाही.

पुढचा मुद्दा हेडिंग. 'रिझल्ट्स', 'रिझल्ट्स कंटिन्यूड', 'रिझल्ट्स कंटिन्यूड २' ही हेडिंगं बघून मला झोप येते. अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीतले मायकेल अ‍ॅली बरीच वर्षं सांगतायत की स्लाइडच्या वर पूर्ण वाक्यात तुमचं म्हणणं लिहा आणि खाली बुलेट्स न लिहिता त्याचा पुरावा दाखवा, ग्राफ असो, फोटो असो, नकाशा असो. 'नायट्रेटचे प्रमाण' असं न लिहिता 'पावसाळ्यानंतर उथळ विहिरींत नायट्रेट वाढतं' असं. करून बघ, एक गंमत होते, काही स्लाइड्सना वाक्यच सुचत नाही. त्या मागे जाणाऱ्या स्लाइड्स.

हेडिंगवर इतकं का बोलतेय? कोलंबिया यान आठवतंय का, ज्यात कल्पना चावला होती. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणाच्या वेळी इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच इंजिनियरांनी नासाला प्रेझेंटेशन दिलं. त्यातल्या एका गाजलेल्या स्लाइडचं हेडिंग दिलासा देणारं होतं, म्हणजे यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्सच्या चाचण्यांचा डेटा बघता अंदाज सावधच धरलाय अशा अर्थाचं. आणि तळाशी, बारीक अक्षरात, बुलेटच्या आतल्या बुलेटमध्ये असं होतं की चाचणीतला फोमचा तुकडा ३ घन इंचांचा होता आणि इथला १९२० घन इंचांचा. ६४० पट! म्हणजे ज्या चाचण्यांवर दिलासा उभा होता त्या इथे लागूच होत नव्हत्या. १ फेब्रुवारीला यान परत येताना कोसळलं, सातही जण गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाने त्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये या स्लाइडचा वेगळा उल्लेख केला, आणि माहिती कशी मांडावी याचे तज्ज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी तिची ओळ न ओळ तपासून दाखवली. तो १९२० चा आकडा हेडिंगमध्ये असता तर निदान कुणीतरी हात वर केला असता असं मला तरी वाटतं.

तर, पुढे १६-१७ स्लाइड्स ठेव आणि उरलेल्या पन्नास डिलीट करू नकोस, शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेव. गाईडना सांग, सर एकही काढली नाही, फक्त मागे नेल्यात. प्रश्न आला की स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाब, पॉवरपॉइंट थेट तिथे जातं. कुठल्या नंबरला काय आहे याची चिठ्ठी हाताशी असू दे. विचारल्याबरोबर नेमकं टेबल समोर येतं ना, तेव्हा कमिटीला काम जेवढं दिसतं तेवढं ६८ स्लाइड्स पळवून कधीच दिसत नाही.

एका नॅशनल कॉन्फरन्समध्ये बचत गटांच्या कर्जफेडीवर पेपर होता. कार्यक्रमपत्रिकेत १५ मिनिटं. उद्घाटन इतकं लांबलं की आमच्या सेशनचे चेअरपर्सन म्हणाले पाच मिनिटांत आटपा. मी प्रस्तावनेतच अडकले, निष्कर्ष राहूनच गेले. असं झालं की काय करायचं?
— अर्थशास्त्राची संशोधक, सोलापूर

असं होणारच असं धरून जायचं! दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, स्मरणिकेचं प्रकाशन, मग 'मी आपला फार वेळ घेणार नाही' म्हणून सुरू झालेलं बीजभाषण, मग चहा, आणि चहाची रांग. हा सगळा वेळ शेवटी पेपर वाचणाऱ्यांच्या खिशातून जातो, आणि ज्यांच्यासाठी कॉन्फरन्स असते ते सात जण एका वर्गात कोंबून सर्टिफिकेट घेऊन घरी. यावर एक वेगळा लेख लिहीन कधीतरी, आत्ता राहू दे.

तुम्ही अडकलात कारण तुमचा क्रम थीसिसचा होता, प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, पद्धत आणि मग कुठेतरी शेवटी निष्कर्ष. वाचणारा माणूस पानं उलटून शेवट बघू शकतो, ऐकणारा नाही बघू शकत. म्हणून दुसऱ्याच मिनिटाला निष्कर्ष सांगून टाका, 'मी हे विचारलं, मला हे सापडलं, आता कसं सापडलं ते सांगते.' मग कुठल्याही क्षणी घंटी वाजली तरी तुमची गोष्ट सांगून झालेली असते, राहतो तो तपशील. काहींना वाटतं आधीच सांगितलं तर सस्पेन्स जातो. अहो, बचत गटांच्या कर्जफेडीत कसला सस्पेन्स.

पाच मिनिटांची वेगळी तयारी घरून करून जा. एक प्रश्न, पद्धतीचं एक वाक्य, एक ग्राफ, एक निष्कर्ष. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीने २००८ मध्ये 'थ्री मिनिट थीसिस' नावाची स्पर्धा सुरू केली, तीन मिनिटं आणि एकच स्लाइड, तीही अ‍ॅनिमेशनशिवाय, आणि ती आता जगभर चालते. कल्पना कुठून आली तर तेव्हा तिथे दुष्काळ होता, पाणी वाचवायला लोक बाथरूममध्ये तीन मिनिटांचं टायमर लावून शॉवर घ्यायचे. ८० हजार शब्दांचा थीसिस बोलून दाखवायला नऊ तास लागतील असं ते स्वतःच सांगतात, आणि तिथली मुलं तो तीन मिनिटांत सांगतात. सोलापूरला दुष्काळ आणि टायमर दोन्ही समजावून सांगायची गरज नाही.

आणि एक, वेळ कापली की सगळ्या स्लाइड्स पटापट पुढे ढकलत 'हे सोडते, हेही सोडते' असं करू नका, लोकांना फक्त काय काय हुकलं तेवढंच दिसतं. निष्कर्षाच्या स्लाइडचा नंबर पाठ ठेवा, टाइप करा, एंटर.

माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. एमएस्सीपासून इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलताना फाफलतो. कॉन्फरन्स इंग्रजीत आहे. पूर्ण भाषण लिहून पाठ करू का?
— वनस्पतीशास्त्र, गडचिरोली

पूर्ण नको. पाठ केलेलं एका जागी तुटलं की पुढचं सगळंच जातं, आणि वाचल्यासारखा सूर येतो तो वेगळाच. पहिली चार वाक्यं मात्र तोंडपाठ कर, अगदी झोपेतून उठवलं तरी यायला हवीत, कारण आवाज थरथरतो तो पहिल्या मिनिटातच. शेवटची दोन वाक्यंही पाठ. मधल्या भागात प्रत्येक स्लाइडसाठी एकच वाक्य ठरव की ही स्लाइड आल्यावर मी हे म्हणणार, बाकी ग्राफकडे बोट दाखवून बोल. आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, कुठली रेघ बघायची आणि ती काय सांगते, या क्रमाने बोललं की इंग्रजी आपोआप सोपं होतं, मोठी वाक्यं लागतच नाहीत.

वनस्पतींची शास्त्रीय नावं मोठ्याने म्हणून ठेव. आपल्याकडे ती वर्षानुवर्षं डोळ्यांनीच वाचलेली असतात आणि स्टेजवर पहिल्यांदा जिभेवर येतात, मग अडखळणार नाही तर काय. मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐक. भयंकर वाटतं, पण 'सो', 'बेसिकली', 'अ‍ॅक्च्युअली' किती वेळा येतं ते कळतं.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला लावण्यात काहीही कमीपणा नाही. त्याहून बरं म्हणजे तुला जेवढं कळलं तेवढं तुझ्या शब्दांत परत सांग, 'तुम्हाला असं विचारायचंय का', त्यात विचार करायलाही वेळ मिळतो. आणि महाराष्ट्रातलीच कॉन्फरन्स असेल, विचारणाराही मराठी असेल, तर चेअरना विचारून उत्तर मराठीत दे आणि मग एक ओळ इंग्रजीत सांग. मी अशा सेशनला चेअर असते तेव्हा स्वतःहून सांगते की मराठीत बोला, कारण मला झाडाबद्दल ऐकायचंय, उच्चार ऐकायला मी आलेली नाही. सगळे चेअर असे नसतात हेही खरं.

मराठीत पेपर होता. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान, त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलं तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी! आता पुन्हा जायचंय. उपाय?
— मराठीचे प्राध्यापक, कोकण

सर, तुमच्या स्लाइड्स श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव यांपैकी कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये असणार. या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप केलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा वेष चढवतो, म्हणजे तो फॉन्ट समोरच्या मशीनवर नसला की वेष उतरला. यावरचा पक्का इलाज म्हणजे युनिकोड, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा वेगळा कोड असतो. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून बदलून घ्या, पण त्यानंतर डोळ्यांत तेल घालून वाचा, रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्हा' अशी अक्षरं तिथेच घसरतात, आणि मराठीच्या सेशनमध्ये 'सुऱ्या'चं काहीतरी भलतंच झालेलं दिसणं बरं नव्हे.

युनिकोडमध्येही फॉन्ट नीट निवडा. विंडोजवर मंगल किंवा निर्मला असतोच, पण मॅकवर नसेल. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतात आणि लांबून चांगले वाचता येतात. अक्षर २८ च्या खाली नको, वेलांट्या आणि मात्रा जागा खातात त्यामुळे ओळींमध्ये अंतरही थोडं जास्त ठेवा. आणि काहीही केलंत तरी सोबत पीडीएफ न्या, पेनड्राइव्हवरही आणि स्वतःच्या मेलवरही. अ‍ॅनिमेशन जाईल, जाऊ दे.

फॉन्ट सुंदर हवा असा आग्रह नाही हं माझा. ४ जुलै २०१२ ला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञ फॅबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड्स कॉमिक सान्स या पोरकट दिसणाऱ्या फॉन्टमध्ये होत्या, लोकांनी भरपूर टिंगल केली, पण बोसॉन मिळाला तो मिळालाच. वाचता आलं पाहिजे, बस.

व्हायवाची, म्हणजे थीसिसच्या तोंडी परीक्षेची, भीती वाटते. माझा विषय ऑनलाइन खरेदी आणि ग्राहकांचं समाधान. सॅम्पल ३८४. एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) असं काही विचारलं जे येत नाही तर? गाईड म्हणतात मी आहे ना, मी सांभाळून घेईन.
— कॉमर्स, खानदेश

गाईडनी सांभाळून घेणं हीच पहिली अडचण. तुमच्यासाठी आलेल्या प्रश्नाचं उत्तर गाईड देतात तेव्हा बाहेरून आलेला माणूस मनात नोंद करतो की हिला येत नाही. गाईडना आधीच प्रेमाने सांगा की सर, मी अडखळले तरी दहा सेकंद थांबा. दहा सेकंद शांतता भयंकर मोठी वाटते, पण विचार करणारा माणूस दिसायला वाईट दिसत नाही.

आता तुमचे ३८४. कॉमर्स-मॅनेजमेंटच्या थीसिसमध्ये हा आकडा इतक्या वेळा दिसतो की एक्स्टर्नल तो बघूनच खुर्चीत सरसावून बसतात. सॅम्पल किती घ्यावं हे सांगणाऱ्या क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या टेबलमधून तो येतो, कितीही मोठी लोकसंख्या घ्या, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली की ३८४ च्या आसपास. गणित बरोबर आहे. पण त्या गणितात एक अट आहे की माणसं यादृच्छिक पद्धतीने निवडलेली हवीत, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. आणि आपण काय करतो, गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, मैत्रिणी भरतात, मैत्रिणींच्या वहिन्या भरतात, ३८४ झाले की लिंक बंद. तेव्हा 'हा आकडा कसा ठरवला' याला 'टेबलमधून' असं उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे, 'सॅम्पलिंग कुठलं होतं?' आणि तिथे गळा कोरडा पडतो.

खरं असेल तर असं म्हणा, 'सर, सॅम्पलिंग कन्व्हिनियन्सचं आहे, म्हणजे सहज मिळाले ते लोक घेतलेत, म्हणून त्या टेबलमधली खात्री मी माझ्या निष्कर्षांना लावत नाही. ३८४ हे मी किती लोकांपर्यंत पोचायचं यासाठी लक्ष्य धरलं होतं. माझे निष्कर्ष या प्रतिसाद देणाऱ्यांपुरते आहेत.' यात रडणं नाही, माफी नाही, आणि खोटं तर नाहीच. एक्स्टर्नलना मर्यादा सापडल्या की ते ओरडतात हा गैरसमज आहे, मर्यादा तुम्हाला माहीतच नाहीत असं दिसलं की ओरडतात. फक्त थीसिसमध्येही तेच लिहिलेलं हवं, तोंडी एक आणि छापील दुसरं असं नको. शेवटच्या प्रकरणात 'जिल्ह्यातील ग्राहक समाधानी आहेत' असं ठोकून दिलं असेल तर ते आजच बदला.

जे खरंच येत नाही त्याचं उत्तर दोन भागांत द्या, 'हे मी तपासलेलं नाही' आणि लगेच 'तपासायचं असतं तर अमुक डेटा घेऊन तमुक पद्धतीने केलं असतं.' नुसतं 'नो आयडिया सर' म्हणून गप्प बसू नका, आणि त्याच्या उलट टोकाला जाऊन काहीतरी रचत तर अजिबात बसू नका, समोरचा माणूस तीस वर्षं हेच ऐकतोय. काही प्रश्न प्रश्न नसतातच, विचारणारा उभा राहून पाच मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोलतो. तिथे वाद नको, 'धन्यवाद सर, हा मुद्दा लिहून घेते', आणि खरंच लिहून घ्या, पेन हातात असू दे.

'यात तुमचं नवीन काय' आणि 'हे संशोधन झालं नसतं तर कुणाचं काय बिघडलं असतं' हे दोन प्रश्न कुठल्याही विषयात येतात. दुसरा खवचट वाटतो, पण त्याचं दोन वाक्यांतलं उत्तर तयार असेल तर निम्मा व्हायवा तिथेच होतो. सरावासाठी आपल्या डिपार्टमेंटचं कुणी नको, इतिहासवाला किंवा फिजिक्सवाली बसवा समोर. 'समाधान मोजता कसं गं?' असं ते भाबडेपणाने विचारतील, आणि तुमचा खरा व्हायवा तोच.

माझा मुलगा बीएस्सीला आहे, आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर करतोय. रात्रभर बसून पोस्टरवर अख्खा रिपोर्ट चिकटवलाय असं मला वाटतं, पण मी गृहिणी, मला त्यातलं काय कळणार म्हणून बोलत नाही. बोलू का?
— एक आई, सांगली

बोला ताई, जरूर बोला! आविष्कार २००६ पासून चाललंय, राज्यपालांच्या म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने सुरू झालेलं, विद्यापीठांची मुलं तिथे एकाच हॉलमध्ये ओळीने पोस्टर लावून उभी असतात. परीक्षक किती पोस्टरं बघून तुमच्या मुलापर्यंत येईल विचार करा. एसटी स्टँडवर आपण पाटी कशी बघतो, गावाचं नाव मोठं दिसलं तरच पुढे होऊन 'मार्गे' वाचतो, तसंच पोस्टरचं. २०१९ मध्ये माइक मॉरिसन नावाच्या मानसशास्त्राच्या एका पीएचडी विद्यार्थ्याने असंच सुचवलं, मधोमध मोठ्या अक्षरात साध्या भाषेत एकच वाक्य, काय सापडलं ते, आणि बाकी सगळं कडेच्या पट्ट्यांत. ते जगभर पसरलं. काहींना ते जास्तच मोकळं वाटतं, आणि परीक्षकांना उद्दिष्टं-पद्धत-निष्कर्ष असे ठरलेले चौकोन हवे असतील तर ते ठेवायलाच हवेत, म्हणून आधी विद्यापीठाचं पत्रक वाचायला सांगा. पण मधलं वाक्य तरी मोठं करू दे.

आणि तुम्ही काय करायचं, तर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा, त्याला दोन मिनिटांत सांगायला लावा, आणि जिथे कळत नाही तिथे 'म्हणजे काय रे' म्हणा. तो चिडेल. चिडू दे, परीक्षकावर चिडण्यापेक्षा बरं.

काही छोटे प्रश्न, एकत्र.

एआयकडून स्लाइड्स करून घेतल्या तर चालतील का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. रंग, मांडणी, इंग्रजी दुरुस्त करून घ्या हवं तर, आधी तुमच्या विद्यापीठाचा नियम बघून. पण संदर्भ त्याच्याकडून घेऊ नका, ते अस्तित्वात नसलेले पेपर अगदी ऐटीत देतं, आणि एक्स्टर्नलनी 'हा पेपर मला पाठवा' म्हटलं की काय पाठवणार? शिवाय जी स्लाइड तुम्ही स्वतः विचार करून लिहिली नाही तिच्यावरचा प्रश्न तुम्हाला येणार नाही, एवढं साधं आहे ते.

ऑनलाइन व्हायवा असेल तर? यूजीसीच्या नियमात तशी सोय आहे. नेटसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, स्लाइड्स गाईडच्या मशीनवरही असू द्या, व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करा. स्क्रीन शेअर असताना 'आलीस का गं दळण घेऊन' असा मेसेज सगळ्या कमिटीने वाचलेला मी बघितलाय.

सूट घालायचा का? घरात असेल आणि अंगाला होत असेल तर. साडी, कुर्ता, इस्त्रीचा शर्ट, काहीही चालतं, फक्त कॉलर माइक लावायचा असेल तर तो अडकवायला जागा हवी.

आणि शेवटच्या स्लाइडवर 'थँक यू' आणि गुलाबाचं फूल ठेवायचं का असं एकीने विचारलंय. नको गं. प्रश्नोत्तरं दहा-पंधरा मिनिटं चालतात आणि तेवढा वेळ स्क्रीनवर जे असतं तेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतं. थँक यू तोंडाने म्हण, स्क्रीनवर तुझा तो एक ग्राफ आणि निष्कर्षाची तीन वाक्यं राहू दे, म्हणजे उशिरा आलेल्या प्राचार्यांनाही काहीतरी विचारता येईल.